उतार

चव्वेचाळीस वर्षं मी पाटकरी.
नाईलचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ,
सगळं तोंडपाठ.
म्हणून मन्सूराच्या इस्पितळात डॉक्टर वजीहनं कागदावर पोट काढलं
आणि आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन
लघवीची वाट बाजूला कशी वळवायची ते दाखवलं,
तेव्हा मीच त्याला म्हणालो,
उतार नीट ठेव, बाळा. पाणी मागे फिरलं की बांध खातं.

तो हसला नाही.
बरोबर आहे, म्हणाला. मागे फिरलं तर मूत्रपिंडं जातात.

दोन गोष्टी होत्या निवडायला.
आतड्याचंच नवं मूत्राशय शिवून आत बसवायचं,
पण त्याला शिकवावं लागतं:
रात्री गजर लावून उठायचं, पोट दाबायचं, वाट बघायची.
नाहीतर पोटाला भोक, भोकावर पिशवी.
मी शहात्तरचा.
एका गाढवाला पूल ओलांडायला शिकवण्यात माझी जवानी गेली,
आता आतड्याला कुठे शिकवत बसू?
पिशवी, म्हणालो.

आदल्या संध्याकाळी इरिनी नर्स निळं पेन घेऊन आली.
मनगटावर गोंदलेला क्रूस.
बसा, म्हणाली. उभे राहा. वाका.
मग जरा थांबून: काका, सजदा करा.
फरशीवर तिनं धुतलेली चादर अंथरली.
मी कपाळ टेकलं, आणि ती शेजारी गुडघ्यांवर बसून
पोटाची घडी कुठे पडते ते बघत राहिली.
बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, फुली मारली.
इथे गळणार नाही.
इतक्या जवळून माझा नमाज कुणी पाहिला नव्हता.

रक्ताचं मला नवल नव्हतं.
अकराव्या वर्षी पाटात डुंबून काठावर मुतायला उभा राहिलो
तर धार लाल.
पोरं ओरडली, शहाता मर्द झाला!
आईनं त्या रात्री मला अख्खं अंडं दिलं, भावाला अर्धं.
किड्याचं नाव फार उशिरा कळलं.
तोवर गावातली सगळी पोरं मर्द झाली होती.

तिसऱ्या रात्री म्हणे मी नळ्या उपटल्या,
पूर्वेचं दार लावा म्हणून ओरडलो,
झहरानचं भात बुडतंय!
झहरान जाऊन वीस वर्षं झाली.
माझी लेक इन्शिराह रात्रभर सांगत राहिली,
लावलं, बाबा. आत्ताच लावून आले.
म्हाताऱ्यांना होतं असं, डॉक्टर म्हणाला, उतरतं.
उतरलं.
पण ते गंजलेलं चाक तिच्यानं फिरलं असतं का,
हे मी अजून अधूनमधून मोजतो.

आता फुलीच्या जागी एक लाल, ओलं बोंड आहे.
मधूनच आकसतं.
बोट लावलं तर बोटाला कळतं, त्याला नाही.

पहिले दहा दिवस नफूसानं पिशवी रिकामी केली.
तिनं तोंड फिरवलं नाही, तेच मला सोसेना.
अकराव्या दिवशी मी आतून कडी लावली,
पायांवर सांडलं, बाहेर येऊन म्हणालो, जमलं.
तिनं ओला पायजमा पाहिला.
जमलं, म्हणाली.

रात्री नळी पलंगाखाली, बादलीतल्या मोठ्या पिशवीत.
थेंबांनी तिला झोप येत नाही.
मला येते. मी कायम पाण्याजवळच झोपलो.

काल पाटावर गेलो. पोरं डुंबत होती.
बाहेर या, गाढवांनो!
ती खिदळली.
एक काठावर पाठमोरा उभा, मुतत.
काठी टेकत मागे गेलो, विचारलं,
रंग कसला रे?
तो बावचळला. रंग, आजोबा?
गलाबियाखाली पिशवी गरम, भरत आलेली.
हां, रंग.
नीट बघून सांग.